मुलगी ख्रिस्ती घरात द्यायची, तर ‘ख्रिस्ती’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी बेळगावात नोकरीला आहे आणि तिथल्याच एका मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचं म्हणते. मुलगा वडिलांना पसंत आहे, भावकीला नाही. भावकीचं म्हणणं असं: पोरीचं नाव बदलतील, कुंकू पुसतील, घरात गोमांस शिजेल, मुलगा पिणारा निघेल, आणि त्या लोकांचं काय, पाप करायचं नि फादरच्या कानात सांगून मोकळं व्हायचं. ‘यात खरं किती? लग्नासाठी मुलीला धर्म बदलावा लागेल का? आणि पत्रिकेवर वरती काय छापायचं?’ असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, भावकीच्या यादीतून विहिरीतला पाव कसा काय सुटला? माझ्या लहानपणी तो पहिला यायचा. कुणीतरी विहिरीत पाव टाकला, गावाने पाणी प्यालं आणि गाव बाटला. शाळेत पोरं मला विचारायची, “तुझ्या आज्यानं कुठल्या विहिरीचं पाणी प्यालं रे?” एकदा मी घरी येऊन आजीलाच विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “आम्हाला विहिरीला हात लावू देत होते कुठं, पाणी प्यायला?”

भावकीच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्या एका वाक्यात आहे, पण सावकाश सांगतो.

मी मेथडिस्ट पाळक. ३१ वर्षं चिकोडी, हुक्केरी, गोकाक भागातल्या आणि शेवटी बेळगाव शहरातल्या मंडळ्यांत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समाजांत, काढली, आता निवृत्त आहे. आमच्या उपासनेत एक गीत मराठीत, पुढचं कानडीत, आणि प्रवचन समोर म्हातारी माणसं कोणती बसलीत ते बघून. गावात मला सगळे ‘फादर’ म्हणायचे आणि मागून माझी बायको आली की गोंधळात पडायचे. फादर हे कॅथलिकांचे, ते लग्न करत नाहीत. आम्ही प्रॉटेस्टंट पाळक, आम्ही संसारी. म्हणून तुम्ही पहिलं काम हे करा: मुलगा कॅथलिक आहे की प्रॉटेस्टंट, ते विचारून घ्या. तुमच्या खानापूर-लोंढ्याकडे जे कोकणी बोलणारे ख्रिस्ती शेजारी दिसतात ते बहुतेक कॅथलिक. मुलगा मराठी बोलणारा म्हणताय, म्हणजे कुठलाही असू शकतो. लग्नाच्या नियमांत त्याने फरक पडतो, तो पुढे सांगतो.

आता मूळ गैरसमज. आपल्याकडे ख्रिस्ती म्हणजे एक जात धरतात. जात जन्माने मिळते आणि खाण्यापिण्याने जाते, म्हणून ‘बाटणे’ हा शब्द. पण ‘ख्रिस्ती’ हा शब्द जिथून निघाला तिथे जन्माचा संबंधच नव्हता. येशूच्या मागे जाणाऱ्यांना आधी नुसतं ‘शिष्य’ म्हणायचे किंवा ‘या मार्गाचे लोक’. अंत्युखिया नावाच्या शहरात त्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती म्हटलं गेलं, असं बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलंय, आणि ते नाव बहुधा बाहेरच्यांनी ठेवलेलं. टोपणनावच म्हणा. अख्ख्या बायबलमध्ये तो शब्द फक्त ३ वेळा येतो.

तुम्ही वारकरी घराण्यातले, असं पत्रात लिहिलंय. मग तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. माळ घातली म्हणजे माणूस वारकरी झाला का? लोक हो म्हणतील, तुम्ही नाही म्हणाल. माळ घातल्यावर वारी चुकवायची नाही, खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याच्या पैशाला शिवायचं नाही. ते जमलं नाही तर गळ्यात नुसते मणी. आमचा बाप्तिस्मा त्या माळेसारखा. मंडळीच्या रजिस्टरात नाव चढतं, पण त्या नावामागे चालणं असेल तरच अर्थ. कोणाच्या मागे? तर येशू देवापासून आला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि आज जिवंत आहे, असं मानून त्याच्या मागे. हे मानत नसेल तर माणूस कितीही सज्जन असो, क्रूस घालो, नाताळात केक वाटो, तो चांगला शेजारी आहे, ख्रिस्ती नव्हे.

‘तुमचे तीन देव का?’ हेही विचारतील. तीन नाहीत, एकच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा असं त्र्यैक्य आम्ही मानतो. ते मलाही ३१ वर्षांत पुरतं उलगडून सांगता आलेलं नाही, तर लग्नाच्या बैठकीत नका काढू.

नावाचं म्हणाल तर ती भीती काढून टाका. बेळगावच्या माणसाला याचं उत्तर बेळगावातच मिळतं. बाबा पदमनजी १८३१ साली इथे जन्मले, कासार घराण्यात. इथल्या मिशन शाळेत शिकले, १८५४ साली इथेच बाप्तिस्मा घेतला. नाव पदमनजीच राहिलं. पुढे १८५७ साली त्यांचं ‘यमुनापर्यटन’ आलं, विधवांच्या हालांवरचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळ जण तिच्याकडे बोट दाखवतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेही शेवटपर्यंत नारायण वामनच. त्यांची गीतं आम्ही दर रविवारी म्हणतो, आणि तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड सांगत. तेव्हा ‘परका धर्म’ म्हणणाऱ्यांना शांतपणे विचारा की येशू कुठला? आशियातला, यहुदी, सुताराच्या घरचा. इंग्रजी त्याच्या कानावरही पडलेली नव्हती. केरळात तर इंग्लंडचा व्यापारी येण्याच्या हजार वर्षं आधीपासून ख्रिस्ती वस्ती होती.

तरीही हा गैरसमज आपल्याकडे का रुजला ते मला कळतं. बेळगावचा कॅम्प म्हणजे पलटणीची वस्ती. सेंट मेरीजसारखं दगडी चर्च, कॉन्व्हेंट शाळा, शिस्तीत इंग्रजी बोलणाऱ्या सिस्टर. लोकांनी ख्रिस्ती पाहिला तो कॅम्पात. आमचे पत्र्याच्या छपरातले, उसाच्या फडातून हात धुऊन उपासनेला येणारे ख्रिस्ती कुणाच्या नजरेला पडतच नाहीत.

आता पैशांचं. ‘किती मिळाले?’ हा प्रश्न माझ्या बापाला विचारला गेला, मला गेला, माझ्या मुलालाही कॉलेजात गेला. हिशेबच करायचा तर करू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठरली; १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे आमच्या आजीच्या जातीतला जो माणूस उघडपणे ख्रिस्ती होतो त्याच्या मुलाला अनुसूचित जातीच्या राखीव जागा नाहीत, आणि विहिरीवरची वागणूक मात्र जुनीच. यात फायदा शोधणाऱ्याने मला तो दाखवावा, मी आजवर बघितलेला नाही. तांदळासाठी, नोकरीसाठी कुणी कधी आलंच नाही असं मी म्हणणार नाही. दुष्काळात आले, शाळेत शिपायाची जागा निघाली तेव्हा आले. ते टिकलेही नाहीत फारसे. पण आजीसारखे जे टिकले त्यांना तिथे पहिल्यांदा कुणीतरी पंगतीत शेजारी बसवलं होतं.

आणि इथे मला आमच्याच माणसांचं एक पाप सांगायला हवं, नाहीतर भावकी उद्या तुम्हाला सांगेल. सोयरीक जुळवताना आमच्यातही ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारतात. काही ठिकाणी बाकं वेगळी नसतात, पण बसतात वेगळे. एका भाकरीतून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा भाकरी-द्राक्षरसाचा विधी, घ्यायचं आणि घरी जाऊन जात काढायची, याला मी प्रवचनात नावं ठेवत आलो आणि फारसं काही बदललं नाही. तुमच्या मुलीला त्या घरात कोणी ‘हिंदू घरची’ म्हणून टोचेल की ‘वरच्या जातीची’ म्हणून मिरवेल, दोन्हींची तयारी ठेवा. दोन्ही सारखंच वाईट.

खाण्याचं. ख्रिस्ती माणसाने अमुक खावं असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट बायबलात येशूचा प्रेषित पौल लिहितो की माझ्या खाण्याने भावाचं मन अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. आमच्या मंडळीतली किती तरी घरं गोमांसाला शिवत नाहीत, काही पूर्ण शाकाहारी आहेत, आणि काहींची चतुर्थीसारखी एकादशीसारखी जुनी सवयही सुटलेली नाही. मी काही मुद्दाम सोडवायला गेलो नाही. मुलाकडे काय शिजतं ते मुलालाच विचारा. हा स्वयंपाकघराचा प्रश्न आहे, धर्माचा नाही.

दारूचं तर उलटंच आहे. सिनेमातला ख्रिस्ती म्हटला की गळ्यात क्रूस आणि हातात बाटली. माझ्या पंथात दारूला इतका विरोध होता की अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली द्राक्षरस न आंबता टिकवण्याची युक्ती काढली, ती प्रभुभोजनात वाइन नको म्हणून. आमच्याकडे अजून द्राक्षरसच. माझी बायको काळी द्राक्षं उकळून, गाळून बाटल्या भरून ठेवायची. कॅथलिकांच्या मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, वाइन असते, थोडीशी, विधीपुरती. बाकी मुलगा पितो की नाही हे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर कळत नाही. संध्याकाळी सातनंतर एकदा न कळवता त्याच्या घरी जाऊन या.

कुंकवाबद्दल मात्र खोटं आश्वासन देणार नाही. पुष्कळ ख्रिस्ती घरांत बायका कुंकू लावत नाहीत, काहींत टिकली चालते. मंगळसूत्र बहुतेक मराठी ख्रिस्ती बायका घालतात, कुणी मधे क्रूस ओवून घेतं. सासूचं काय मत आहे ते लग्नाआधी तुमच्या मुलीने विचारावं, लग्नानंतर कळण्यात मजा नाही.

आता पाप करून फादरला सांगण्याचं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथेच लोक ख्रिस्तीपणा सगळ्यात उलटा समजतात, आमचेही समजतात.

फादरच्या कानात सांगणं हा कॅथलिकांचा संस्कार आहे. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळीत एकत्र आणि मनातल्या मनात थेट देवापुढे कबुली देतो. पण नुसतं बोललं की सुटलं, असं दोघांकडेही नाही. कॅथलिक शिकवणीत मनापासून पस्तावा लागतो, पुन्हा तसं न करण्याचा निश्चय लागतो, फादर प्रायश्चित्त देतात, आणि चोरी केली असेल तर ती परत करावी लागते. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, म्हणून बाहेरच्यांना तो व्यवहार गूढ वाटतो. बायबलातला जक्कय जकातदार होता. नाक्यावरच्या वसुलीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना जकातदार कसा असतो ते सांगायला नको. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा जक्कय काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. क्षमा अशी खिशापर्यंत येते.

माझ्याकडे एकदा एक जण आला होता. हे सांगायची परवानगी त्यानेच दिलीय. बायकांच्या भिशीचे पैसे त्याने वापरले होते, हिशेब घरचीच्या हातात असल्यामुळे बोल तिच्यावर येणार होता. मला म्हणाला, “पाळकसाहेब, प्रार्थना करा, मन हलकं होईल.” मी म्हटलं, “मन राहू दे जड. आधी त्या बायांच्या दारात जा.” दोन वर्षं हप्त्याने फेडले त्याने. पण त्यानंतर तो आमच्या मंडळीत बसला नाही, लाजेने दुसऱ्या गावात जायला लागला. माझं चुकलं का? प्रार्थना आधी करून मग दारात पाठवायला हवं होतं, असं आता वाटतं.

यातून दुसरी गोष्ट निघते. बाहेरच्यांना वाटतं ख्रिस्ती म्हणजे स्वतःला पवित्र समजणारा. खरं तर मंडळीत उभं राहून आम्ही दर रविवारी कबूल करतो की आम्ही पवित्र नाही. येशूच्या गोष्टीत मंदिरात दोघं जातात: परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, आपल्या उपासांची यादी वाचतो, जकातदार छाती बडवून ‘माझ्यावर दया कर’ एवढंच म्हणतो, आणि दुसरा देवाशी नीट होऊन घरी जातो. पुण्य साठवून स्वर्ग विकत मिळत नाही, तो देवाच्या कृपेने मिळतो. चांगलं वागणं हे त्या कृपेचं उत्तर, तिची किंमत नव्हे. यावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट चारशे-साडेचारशे वर्षं भांडले. १९९९ साली लुथरन या प्रॉटेस्टंट पंथाने आणि कॅथलिकांनी यावर एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, २००६ साली आम्ही मेथडिस्टही त्यात सामील झालो. आमच्या खेड्यांत ही बातमी अजून पोचलेली नाही. तिथे दोन्हीकडचे लोक एकमेकांना अर्धे ख्रिस्तीच समजतात.

आमच्यातला आणखी एक गैरसमज तुमच्या मुलीने आधीच ओळखून ठेवावा: ‘विश्वास असेल तर औषध कशाला?’ एका प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं म्हणून आमच्या एका बाईने साखरेची सुई बंद केली. सहा महिन्यांनी आम्ही तिला मिरजेला नेलं तेव्हा पायाचं बोट काळं पडलं होतं, काढावं लागलं. मिरजेचं ते इस्पितळ वॉनलेस नावाच्या ख्रिस्ती मिशनरी डॉक्टरने १८९४ साली उभं केलेलं. बायबलात येशूची जी चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं आहेत, त्यांतलं एक ज्याच्या नावावर आहे तो लूक वैद्य होता. आजाऱ्याला वैद्याची गरज असते हे तर येशूच बोलून गेलाय. कुणी तुमच्या मुलीला गोळ्या सोडायला सांगितल्या तर तिने उठून निघून यावं, मग समोर कितीही मोठा उपदेशक असो.

बारीकसारीक: गुड फ्रायडेला व्याह्यांना ‘हॅपी’ म्हणून मेसेज पाठवू नका, तो येशूच्या मरणाचा दिवस. आनंद रविवारी, ईस्टरला. तो आमचा सगळ्यात मोठा सण, नाताळ नव्हे.

लग्नाचं. धर्म बदलायची गरज नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा: विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, दोघंही आपापल्या धर्मात. चर्चमध्येच हवं असेल तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. मुलगा कॅथलिक असेल तर बिशपांची सवलत काढावी लागते, फादर त्याचा अर्ज भरून घेतात. काही पाळक मात्र ‘आधी मुलीचा बाप्तिस्मा, मग लग्न’ असा आग्रह धरतात. मी तो कधी धरला नाही. लग्नासाठी घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे वारी न करता घातलेली माळ. दोन मुली माझ्याकडे तसा मागायला आल्या होत्या, दोघींना मी लग्नाला आशीर्वाद दिला आणि बाप्तिस्म्याला नकार. एक पुढे अकरा वर्षांनी स्वतःहून आली, दुसरी आली नाही. तिच्या घरी गणपती बसतो, नवरा आरतीला उभा राहतो. त्याला मंडळीत काहींनी बोल लावले. मी मोदक खाऊन आलो.

कायद्याची एक बाजूही बघा. धर्मांतराविरुद्धचं कर्नाटकाचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्येच विधानसभेत मंजूर झालं, २०२२ साली त्याचा कायदा झाला, आणि २०२३ साली नव्या मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं. मुलगी धर्म बदलणार नसेल तर तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही. पुढेमागे तिने स्वतः ठरवलंच, तर त्या वेळचा नियम वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं. मुलाच्या घरच्यांनी घाई केली, तर मात्र मला फोन करायला लावा, त्यांच्याशी मी बोलतो.

राहिली पत्रिका. तुमच्या बाजूची तुम्ही छापा, वर विठ्ठल-रखुमाई असू द्या. त्यांची ते छापतील, वर क्रूस असेल. एकाच पत्रिकेवर दोन्ही छापण्याचा हट्ट एका घराने केला होता, तेव्हा छापखान्यात दोन्हीकडचे मामा क्रूस आधी की गणपती आधी यावर तासभर भांडले आणि शेवटी मुलाने फक्त तारीख, वेळ आणि हॉलचं नाव छापून आणलं. जेवण झकास झालं, शेवटी कुंदा होता.